दुर्बिणीचं कुंकू

दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला एकदा 'मावशी' म्हटलं की तिचं वय संपतं, शिक्षण संपतं आणि मतही संपतं, असा लोकांचा समज असतो. मी मावशी झाले तेव्हा एकतीस वर्षांची होते. मॅट्रिक पास होते, तेही पहिल्या फटक्यात. मतं तर लहानपणापासूनच होती. यवतमाळकडच्या माझ्या माहेरी सांगायचे की ही पोरगी बोलायला शिकली तीच उलट बोलायला. पुण्यात आल्यावर ती सवय जरा कमी करावी असं नवऱ्याने दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा त्याला उत्तर मिळालं.

आम्ही पुण्याला आलो ते त्याच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी. त्या काळात पेपरात रोज कुठली तरी नवी कंपनी येणार असल्याची बातमी असायची आणि त्याच सुमाराला जुने कारखाने माणसांना घरी पाठवत होते. नवरा घरी पाठवलेल्यांत निघाला. आठवडाभर तो भिंतीकडे बघत चहा पीत बसला. मग उठला आणि वारज्याला, बायपासच्या कडेला, पत्र्याची टपरी टाकून पंक्चर काढायला लागला. टपरी मार्गाला लागेपर्यंत घर माझ्या पगारावर चालणार होतं. म्हणून मी कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका तीस खाटांच्या दवाखान्यात लागले. दवाखाना पोटाच्या डॉक्टरांचा होता. डॉक्टर पेशंट बघायचे आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो, त्या बाकी सगळं बघायच्या.

सुरुवातीला माझ्याकडे फरशी आणि बेडपॅन होते. माझं काम स्वच्छ असतं हे इनचार्ज सिस्टरच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला हत्यारं धुवायच्या खोलीत घेतलं. सिस्टर सांगलीकडच्या, पन्नाशीच्या, मनाने फार चांगल्या आणि तितक्याच भित्र्या. हत्यारं म्हणजे कात्र्या, चिमटे, ट्रे, सगळं स्टीलचं. घासायचं, पुसायचं आणि वाफेच्या डब्यात घालायचं. घासलं की स्वच्छ आणि उकळलं की शुद्ध, एवढं तर माझ्या आईलाही माहीत होतं. स्वयंपाकघरात शिकलेलं इथे चालत होतं, म्हणून मीही खूश होते.

मग ती दुर्बीण आली.

करंगळीएवढी जाड आणि मीटरभर लांब काळी नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा, मागे मूठ, मुठीवर चाकं. पेशंटच्या तोंडातून पोटात घालायची आणि समोरच्या टीव्हीवर आतलं बघायचं. नळीच्या आतून आणखी बारीक नळ्या गेलेल्या, एक हवेची, एक पाण्याची, एक आतलं ओढून घ्यायची. परदेशातून आली होती. डॉक्टरांनी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा घरात पहिलं नातवंड आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

तिच्यासोबत कंपनीचा इंजिनियर आला. त्याने डॉक्टरांना ती चालवायची कशी ते दाखवलं, सिस्टरना जोडायची कशी ते दाखवलं आणि मग विचारलं, "धुणार कोण?"

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दारात मी बादली घेऊन उभी होते.

"मग ह्यांना आधी शिकवायला हवं," तो म्हणाला. "वापरताना ही क्वचित मोडते. मोडते ती धुताना."

त्याने माझ्यासाठी अख्खी दुपार घालवली. इंग्रजी चोपडीतलं एकेक पान वाचून मराठीत सांगितलं आणि मी ते दोनशे पानी वहीत उतरवलं. उकळायची नाही. वाफेच्या डब्यात घालायची नाही. घासणी नाही, ब्लिचिंग पावडर नाही. घट्ट वेटोळं करायचं नाही. विजेच्या जोडणीवर टोपण बसवल्याशिवाय पाण्याजवळ न्यायची नाही. आतल्या नळ्यांतून लांब ब्रश घालायचा, तो दुसऱ्या टोकाला स्वच्छ निघेपर्यंत घालत राहायचा. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग औषधाच्या टबात घड्याळ लावून वीस मिनिटं, पुन्हा पाणी, मग हवा मारून कोरडी करायची आणि कपाटात सरळ टांगायची. आणि टबात घालायच्या आधी दर वेळी तिच्यात हवा भरायची, पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. बुडबुडा आला म्हणजे कुठेतरी भोक आहे. भोकातून पाणी आत गेलं की यंत्र सडलं. त्याहून वाईट म्हणजे पेशंटच्या पोटातली घाण आत जाऊन बसते, तिथे ब्रशही पोचत नाही आणि औषधही पोचत नाही. ती मग पुढच्या माणसाच्या पोटात उतरते.

"हे तर पंक्चर काढणं झालं जी," मी म्हटलं.

इंजिनियर हसला. "अगदी तेच. फक्त इथे ठिगळ लावता येत नाही."

घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की आजपासून आपण दोघं एकाच धंद्यात आहोत. त्याला ते फार आवडलं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा की आमची ही पोटाची पंक्चरं काढते.

त्या वीस मिनिटांवरून माझे आणि डॉक्टरांचे रोज खटके उडायचे. हिंजवडीला कंपन्या सुरू झाल्या होत्या आणि आमच्या बाकावर गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं दिसायला लागली होती. अमेरिकेत उजाडलं की ही कामाला बसायची, हाताला येईल ते खायची आणि पंचविसाव्या वर्षी छातीत जळजळ होते म्हणून आमच्याकडे यायची. एकेका सकाळी आठ-नऊ जण रिकाम्या पोटी बसलेले असायचे आणि दुर्बीण एकच. डॉक्टर दर पाच मिनिटांनी माझ्या खोलीत डोकावायचे.

"मावशी, झालं का?"

"अजून अकरा मिनिटं."

"थोडं आधी काढलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"वहीत वीस लिहिलंय जी."

"अरे वा. आपण डॉक्टर कधी झालात?"

"घड्याळ पाहाले डॉक्टर व्हावं नाही लागत."

राग आला की माझी भाषा परस्पर यवतमाळला निघून जाते. सिस्टर मागे उभ्या राहून मला डोळे वटारायच्या. डॉक्टर पाय आपटत जायचे आणि बरोब्बर अकरा मिनिटांनी परत यायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. बाकावर बसलेली माणसं बघून त्याचा जीव वरखाली व्हायचा एवढंच. पण त्याचा जीव वरखाली झाला म्हणून टबातल्या औषधाने घाई थोडीच करायची.

असं वर्ष गेलं आणि दसरा आला.

आमच्या दवाखान्यात दसऱ्याची पूजा जोरात असायची. हत्यारांनी वर्षभर साथ दिली, त्यांचे पाय धरायचे, हा रिवाज मला पटत होता आणि पटतो. तपासणीच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर कात्र्या आणि चिमटे ओळीने मांडलेले, क्ष-किरणाच्या यंत्राला झेंडूचा हार, ॲम्ब्युलन्सच्या टपावर आपट्याच्या फांद्या. बाई भरजरी नेसून तबक घेऊन यायच्या आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं प्रत्येक वस्तूला लावायच्या. सुरीच्या पात्याला, कात्रीच्या टोकाला. हत्याराचं तोंड तेच त्याचं दैवत, असा त्यांचा हिशेब. दुर्बीण कपाटात टांगलेली होती. बाईंनी मुठीला बोट लावलं, मग वाकल्या आणि नळीच्या टोकालाही लावलं. चांगलं ठळक लावलं. डॉक्टर हात जोडून उभे होते, सिस्टर उभ्या होत्या, मी उभी होते. मी त्या दिवशी गप्प राहिले. आयुष्यात मोजक्या वेळा मी गप्प राहिले आहे आणि त्यातली प्रत्येक वेळ मला महागात पडली आहे.

पूजा झाल्यावर पेढे वाटले, सगळे घरी गेले. मी कुंकू काढायला थांबले. मुठीवरचं पटकन निघालं. टोकावर मात्र हवा-पाणी सोडणारं एक तोंड असतं, सुईच्या नेढ्याएवढं. त्यात कुंकू जाऊन बसलं होतं आणि वाळलं होतं. वहीत लिहिलं होतं की असं काही अडकलं तर साबणाच्या पाण्यात भिजत ठेवायचं, मऊ ब्रश फिरवायचा, पाण्याचा दाब द्यायचा आणि वाट बघायची. वहीतलं ते पान मला तोंडपाठ होतं. पण टपरीवर पूजा व्हायची होती, नवरा माझ्यासाठी खोळंबला होता, आणि त्या सणाच्या दिवशी सगळा दवाखाना रिकामा असताना मी एकटीच काय म्हणून भिजवत बसायचं, असं माझ्या मनात आलं.

माझ्या बांगडीत पिन होती. कुठल्याही बाईच्या असते. पदराला लागते, नाडी ओवायला लागते, काटा काढायला लागते, दातात अडकलेलंही निघतं. मी ती काढली आणि कुंकू कोरायला लागले. कुंकू निघालं. शेवटचा कण काढताना पिन सटकली आणि तोंडाच्या मागे जे पातळ मऊ रबर असतं, जिथे नळी वाकते, तिथे टेकली. टेकली असं मी स्वतःला सांगितलं. हाताला मात्र कळलं होतं की ती टेकली नाही, रुतली. मी बोटाने चाचपून बघितलं. काही दिसत नव्हतं. मी दुर्बीण टांगली, कपाट लावलं आणि बस पकडली.

टपरीवर नवऱ्याने हवेच्या यंत्राला हार घातला होता आणि पंक्चर बघायच्या घमेल्यातल्या पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या होत्या. मी ओवाळलं. तेवढ्यात एक स्कूटरवाला आला. म्हणाला, टायर बघा जरा, हवा कमी वाटते, पण पंक्चर नसेल बहुतेक, मी हात फिरवून बघितलंय.

"हात फिरवून कसं समजन भाऊ?" नवरा म्हणाला. "बुडवावं लागते."

त्याने ट्यूब काढली, हवा भरली आणि पाकळ्या बाजूला सारून घमेल्यात बुडवली. बारीक बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर आली. मी ओवाळायचं ताट खाली ठेवलं आणि घमेल्यावर वाकले. नवऱ्याने विचारलं, काहून गं, काय झालं? मी काही नाही म्हटलं. त्याला सांगून काय करणार होते? माझी नोकरी गेली तर काय होईल हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. टपरी अजून उभी राहायची होती आणि कारखान्याचं दार बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ जणांची यादी होती. मी तासभर आधी पोचले. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दुर्बिणीची हवा-पाण्याची चाचणी आम्ही प्रत्येक पेशंटनंतर, धुवायच्या आधी करायचो. सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी करायची पद्धतच नव्हती. आदल्या खेपेला ती धुऊन पुसून टांगलेली असायची, कोण कशाला पुन्हा बघतंय? मी गप्प बसले असते तर दुर्बीण सरळ पहिल्या पोरग्याच्या पोटात गेली असती. मी ती कपाटातून काढली, टोपण बसवलं, हवा भरली आणि पाण्यात सोडली. टोक वाकवलं. बुडबुडे आले. एकामागून एक, मोहरीएवढे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ते पत्करलं होतं, पण म्हणून मला भीती वाटली नाही असं मुळीच नाही.

सिस्टर आल्या. मी त्यांना पाणी दाखवलं आणि पिनेचंही सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. मग माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, तू आत्ता काहीच बघितलं नाहीस. पहिला पेशंट होऊ दे. त्यानंतर नेहमीसारखी चाचणी कर. बुडबुडे दिसले की आपण म्हणू, त्यानं दात लावले. दातांत धरायला देतो ते प्लॅस्टिकचं कडं सरकलं आणि त्यानं चावलं. असं होतं, सगळीकडं होतं. कुणाचंच नाव येणार नाही."

मी सिस्टरना आजही दोष देत नाही. त्या माझी नोकरी वाचवत होत्या. आणि खोटं कशाला बोलू, मी मोजून तेवढाच वेळ विचार केला जेवढ्यात नळ उघडून बादली भरते. सोपं होतं. पेशंट खरोखर चावतात. मग मी दाराच्या फटीतून बाकाकडे बघितलं. पहिला नंबर एका बुटक्या पोराचा होता. गळ्यात पट्टा, हातात मोबाइल, आणि भीतीने कान लाल झालेले. त्याच्यामागे आठ जण. ह्याच्या पोटातलं त्याच्या पोटात, त्याच्या पोटातलं तिसऱ्याच्या. आणि वर त्या पोरावर आळ, की तू चावलास म्हणून.

"नाही सिस्टर," मी म्हटलं. "टोचली मी. चावला तो, हे मी नाही म्हणणार."

डॉक्टर आले तेव्हा दुर्बीण पाण्यात होती आणि मी टबासमोर उभी होते.

"बुडबुडे येऊन राहिले," मी सांगितलं.

ते वाकले. चष्मा सारखा करून बघितलं. "हा? हा एक बुडबुडा? केसाएवढं असेल भोक."

"केसाएवढ्या भोकातून काय काय जाते, ते तुमाले माहीत नं."

"मावशी, बाहेर नऊ माणसं कालपासून उपाशी आहेत. आजची यादी होऊ दे. संध्याकाळी मी स्वतः पाठवतो मुंबईला. द्या इकडे."

"नाही देत."

डॉक्टरांना आधी ऐकूच आलं नसावं. मग त्यांचा आवाज एकदम थंड झाला. पुण्यात माणूस खरा चिडला की ओरडत नाही, अहो-जाहो वाढवतो. "आपण काय म्हणालात?"

"नाही देत म्हटलं."

"ही दुर्बीण आपल्या मालकीची आहे का?"

"नाही जी. पण ती बाहेरची पोटं पण तुमच्या मालकीची नाहीत." आणि मग मी ते विचारलं जे विचारायचं नसतं. "तुमच्या पोरीच्या पोटात घालान काय ही, आत्ता, अशीच?"

त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. डॉक्टरांनी पुन्हा एकदा टबातल्या बुडबुड्यांकडे बघितलं. मग ते वळले, बाहेर गेले आणि मी त्यांना सांगताना ऐकलं की यंत्रात बिघाड आहे, आज तपासणी होणार नाही, सगळ्यांनी चहा-बिस्किट घेऊन घरी जावं. तो बुटका पोरगा इतका खूश झाला की जाताना मलाही थँक्यू म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

तासाभराने बाई आल्या. ऑफिसात डॉक्टर, सिस्टर आणि मी उभे. बाईंनी एकच प्रश्न विचारला. "कुणी केलं?"

सिस्टरनी माझ्याकडे बघून मान अगदी बारीक हलवली. बोलू नकोस, असं.

"मी," मी म्हटलं. बांगडीतली पिन काढून टेबलावर ठेवली. "हिनं केलं. कुंकू कोरताना."

"देवाच्या कुंकवाला तू पिन लावलीस?"

"नळीत अडकलं होतं बाई. भिजवून काढायचं होतं, मी घाई केली. ती माझी चूक आहे. पण नळीला कुंकू लावायचंच नव्हतं. ती तुमची."

"म्हणजे चूक माझी?"

"निम्मी," मी म्हटलं.

सिस्टरनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांना खोकला आला. बाईंच्या कपाळावरची शीर उडायला लागली आणि मला वाटलं, गेली नोकरी. पण बाई हिशोबी होत्या. माझ्याइतकं स्वच्छ काम करणारी बाई त्या पगारात मिळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला काढलं नाही, गच्चीवर पाठवलं. गच्चीवर कपड्यांची खोली होती. रक्ताच्या चादरी भिजवायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या. "हत्यारांच्या खोलीत पाय ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. मी माझी वही कपाटातून उचलली आणि जिना चढले. वही तेवढी मागे ठेवली नाही. ती माझ्या अक्षरात होती.

मी तीन आठवडे चादरी पिळल्या. मला लाज वाटली का? पिनेची वाटली. खूप वाटली, अजून वाटते. वहीत लिहिलेलं असताना, मला पाठ असताना, मी सणाच्या घाईत ते मोडलं. दुसऱ्यांना वीस मिनिटं शिकवणारी मी, मला अर्धा तास दम निघाला नाही. पण पाण्यात बुडवली त्याची लाज कुणी मला वाटायला लावली तर मी वाटू देणार नव्हते. गच्चीवर काम करणाऱ्या दोघी जणी मला म्हणायच्या, कशाला बोललीस, गप्प राहिली असतीस तर खाली पंख्याखाली असतीस. मी म्हणायचे, इथं वारा चांगला आहे.

मग दुर्बीण मुंबईहून परत आली आणि तिच्यासोबत तोच इंजिनियर आला. हे मला सिस्टरनी सांगितलं, त्या त्या वेळी खोलीत होत्या. तो डॉक्टरांना म्हणाला, तुमचं नशीब. बुडवताना हवा भरलेली होती, म्हणून पाणी आत गेलेलंच नव्हतं. नुसतं टोकाचं रबर बदललं. एकदा जरी वापरून धुतली असती तर आतला कॅमेरा गेला असता आणि दुर्बीण भंगारात. पण मला सांगा, पहिल्या पेशंटच्या आधी बुडवून बघितली कुणी? कुणीच बघत नाही. त्या धुणाऱ्या मावशी कुठायत?

"आणि जिनं पिन लावली तिचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती कोण ते मला माहीत नाही. तिला मात्र चांगले फटके द्या," तो म्हणाला.

डॉक्टर गच्चीवर आले. तीस खाटांच्या दवाखान्याचे मालक, चादरींच्या रांगेतून वाट काढत, एका ओल्या चादरीने तोंड पुसलं गेलं तरी काही न बोलता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव व्हायला माझी हरकत नव्हती.

"मावशी, चला खाली."

"कोणत्या खोलीत?"

"तुमच्या."

"बाईंनी पाय ठेवू नका म्हटलंय."

"मी बोललोय त्यांच्याशी."

मी चादर पिळून दोरीवर टाकली. चिमटे लावले. मग म्हटलं, "रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी बुडवून बघीन. वीस मिनिटांत कोणी दारात येऊन विचारायचं नाही. आणि बुडबुडा दिसला तर यादी बंद. कोणाची का यादी असेना."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"मी नाही जी. ती चोपडी घालते. मी वाचून दाखवून राहिली."

डॉक्टरांनी आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, नऊ वाजत आलेत." माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. पण त्या दिवसापासून ते माझ्या दारात डोकावले नाहीत. घड्याळाकडे बघत बाहेर फेऱ्या मारायचे, ते मला काचेतून दिसायचं.

मी एक गोष्ट आपणहून केली. खोलीच्या दाराबाहेर खिळा ठोकला आणि त्याला स्टीलची वाटी टांगली. आत जाताना बांगड्या, अंगठी, पिना, सगळं त्या वाटीत. आधी माझ्या, मग सिस्टरच्या. सिस्टर म्हणाल्या, सवाष्णीनं हात मोकळे ठेवू नयेत गं. मी म्हटलं, सवाष्णपण बांगडीत आहे की नवऱ्यात? त्यांनी हसत वाटीत टाकल्या.

पुढचा दसरा आला. पांढरी चादर अंथरली, कात्र्या मांडल्या, क्ष-किरणाच्या यंत्राला हार पडला. बाई तबक घेऊन माझ्या खोलीशी आल्या. वर्षभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या. दुर्बिणीच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे होती.

"उघड," त्या म्हणाल्या.

"नळीला नाही लावायचं बाई."

"दवाखाना उघडला तेव्हापासूनची प्रथा आहे ही. एकही वस्तू राहिलेली नाही."

"प्रथा मोडत नाही मी." मी टब पुढे ओढला, धुवायचा लांब ब्रश त्याच्यावर ठेवला आणि शेजारी माझी वही ठेवली. वहीचे कोपरे औषधाने पिवळे पडले होते. "ह्यांना लावा. वर्षभर राबले ते हे."

मागे डॉक्टर उभे होते, सिस्टर उभ्या होत्या. बाईंचं बोट कुंकवात बुडलेलं तसंच हवेत राहिलं. मी मनात ठरवून टाकलं होतं की पुन्हा गच्चीवर पाठवलं तर जायचं, पण किल्ली द्यायची नाही. मग बाईंनी वाकून टबाच्या काठाला बोट लावलं, ब्रशच्या दांडीला लावलं. वहीच्या पुठ्ठ्यावर लावताना तिथे काय लिहिलंय ते वाचलं. तिथे फक्त 'दुर्बीण' एवढंच लिहिलं होतं.

"आता नुसता नमस्कार तरी करू देशील की नाही?" त्यांनी विचारलं. आवाज चिडलेलाच होता.

"करा नं. पण आत यायचं तर..." मी त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. हिरव्या बांगड्या, सोन्याच्या पाटल्या, आणि पाटलीत अडकवलेल्या दोन पिना.

डॉक्टरांना पुन्हा खोकला आला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, पिनांकडे बघितलं. तबक सिस्टरच्या हातात दिलं. मग एकेक करून पिना काढल्या, पाटल्या काढल्या, बांगड्या काढल्या आणि दारावरच्या वाटीत टाकल्या. मी कुलूप काढलं.